बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या तयारीच्या, वर्गात एक प्रश्न दरवर्षी येतोच. "माझं तारण झालंय की नाही, हे मला कळणार कसं?" तारण म्हणजे पापापासून देवाने दिलेली सुटका. पंधरा-सोळा वर्षांची मुलं हे सगळ्यांसमोर विचारतात. मोठी माणसं मात्र वर्ग संपून खुर्च्या उचलून ठेवताना जवळ येतात आणि हळू आवाजात विचारतात. चाळीस वर्षं उपासना न चुकवलेल्या एका आजींनी असंच विचारलं होतं. लहानपणी बाप्तिस्मा झालेला, प्रभुभोजन कधी टाळलेलं नाही, शब्बाथ शाळेत शिकवलेलं. तरी ही शंका मनात तशीच राहिलेली. त्यांना लगेच एखादं वचन काढून दाखवणं मला बरोबर वाटलं नाही. मी त्यांना पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. तीच इथे सविस्तर मांडतो आहे, कारण एखादं माणूस तारणाजवळ कसं येतं आणि नंतर आयुष्यभर विश्वासात कसं वाढतं, हे आपल्या मराठी मंडळीत इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी लिहून ठेवल्याचं मला माहीत नाही.

थोडक्यात प्रकरण असं. रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वँटेज इथे झाला. पुढे 1907 मध्ये केडगावहून आपली साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची कहाणी, लिहिताना त्यांनी कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलाच नाही. मग 1883 मध्ये नेमकं काय झालं होतं? 1891 मध्ये काय झालं? आणि 1891 पासून 1922 पर्यंतच्या एकतीस वर्षांचं काय?

आधीची वाट

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीच्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना उडुपीला धर्मसभेपुढे उभं राहून शास्त्राधार द्यावा लागला होता. घरदार सोडून हे कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराणं सांगत हिंडलं. भागवताचे हजारो श्लोक मुलीला तोंडपाठ. हातात होतं ते दानधर्मात गेलं, व्रतं-उपास चालूच राहिले, आणि 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, थोरली बहीण अशी एकामागोमाग एक माणसं गेली.

वडिलांच्या अखेरच्या दिवसांतली एक गोष्ट रमाबाईंनी साक्षीत लिहिली आहे. अंध झालेल्या अनंतशास्त्रींनी धाकट्या लेकीला जवळ घेतलं आणि सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. ते ज्या देवाबद्दल बोलत होते त्याचं नाव त्यांच्या मनात वेगळं होतं, हे रमाबाईंना ठाऊक होतं. तरी हे वाक्य त्यांनी कधी टाकलं नाही. त्यांच्या विश्वासाची गोष्ट सांगताना पुष्कळ जण ती वँटेजपासून सुरू करतात. मी या वाक्यापासून सुरू करतो.

1878 मध्ये त्या भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. धर्मशास्त्रं वाचून व्याख्यानं देता देता त्यांना जाणवलं, ते त्यांनी लिहून ठेवलं आहे: शास्त्रांची आपसांत कितीही मतभिन्नता असली तरी बाईला स्वतंत्रपणे मोक्ष नाही यावर ती एक आहेत. पुढे भाऊ गेला. सिल्हेटच्या बिपिन बिहारी दास यांच्याशी लग्न झालं, मुलगी मनोरमा जन्मली आणि 4 फेब्रुवारी 1882 रोजी पतीही कॉलऱ्याने गेला. त्यांच्या सिलचरच्या घरात पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली होती. ख्रिस्ती होण्याची कल्पना पतीला अजिबात आवडली नव्हती.

1882 मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. वैद्यक शिकायचं म्हणून 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यक राहिलंच.

पहिलं होकार देणं

वँटेजला सेंट मेरी द व्हर्जिन नावाच्या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना ठेवून घेतलं. या भगिनींचं लंडनजवळ फुलम इथे एक घर होतं. ज्यांना समाजाने टाकून दिलं होतं अशा बायकांना तिथे आधार मिळे. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या थक्क झाल्या. अशा बायकांवर दया करावी हे त्यांनी कुठल्याच शास्त्रात वाचलं नव्हतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवर आलेली शोमरोनी बाई (शोमरोनी म्हणजे यहूदी ज्यांना तुच्छ मानत ते लोक), तिच्याशी बोलणारा येशू. हिंदुस्थानातल्या बायकांना वर उचलण्याचं सामर्थ्य याच्याखेरीज कुणात नाही, अशी त्यांची त्या क्षणी खात्री पटली.

बुद्धीला पटायला दुसऱ्या एकाची मदत झाली. नीळकंठशास्त्री गोरे काशीचे चित्पावन ब्राह्मण होते. 1848 मध्ये ख्रिस्ती झाल्यावर ते फादर नेहेम्या गोरे झाले. पुण्यात आणि नंतर पत्रांतून त्यांनी रमाबाईंच्या शंकांना उत्तरं दिली. हा माणूस स्वतः जन्मभर शंकांशी झगडत राहिला. म्हणूनच त्याचा शब्द रमाबाईंना खोटा वाटला नसावा, असं मला वाटतं.

वँटेजमधले दिवस सुखाचे नव्हते. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथेच दुर्दैवी अंत झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत रमाबाईंचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढची तीन वर्षं वादात गेली. सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेल्या पत्रांत रमाबाई त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव या शिकवणीबद्दल, प्रश्न विचारतात, ख्रिस्ताच्या अलौकिक जन्माबद्दल विचारतात, पाळकवर्गाचा अधिकार मानायला नकार देतात. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढलं, ते दुसऱ्या कुणाचं घालून घ्यायला मी तयार नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात. भगिनी काळजीत पडल्या. ही मुलगी खरोखर विश्वासात आहे का, अशी शंका त्यांना आली असेल तर त्यांना दोष देता येत नाही. ज्यांनी तिला लेकीसारखं सांभाळलं त्यांनाच तिचे प्रश्न बंडखोरी वाटत होते.

मला मात्र या पत्रांत एक प्रामाणिक शिष्या दिसते. जे कळलं तेवढंच तिने मान्य केलं, आणि जे कळलं नाही त्यावर कळल्याची सही केली नाही. आपल्या मंडळीत किती जणांनी प्रश्नोत्तरी पाठ करून, एकही प्रश्न न विचारता दृढीकरण घेतलं आहे, हे मी रोज पाहतो.

1891

1886 मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ त्यांनी पाहिला, बॉस्टनमध्ये मदतसंस्था उभी केली आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन ही शाळा उघडली. 1890 च्या अखेरीस ते पुण्याला हलवलं. काम जोरात होतं, लोक नाव घेत होते, शाळा भरत होती. आणि नेमक्या या काळात त्या आतून रिकाम्या झाल्या होत्या.

साक्षीत त्यांनी जे लिहिलं आहे त्याचा अर्थ असा. धर्म त्यांना मिळाला होता आणि तो चांगलाही होता. पण पापाचं ओझं हलकं झालं नव्हतं. तारण म्हणजे मेल्यानंतर कधीतरी मिळायची गोष्ट, असंच त्या मानत होत्या. हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. हे हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये पाळक होते. 1851 मध्ये एके रविवारी प्रवचन करता करता त्यांचंच परिवर्तन झालं. दुसऱ्यांना उपदेश करणाऱ्याला स्वतःलाच ख्रिस्त भेटला नव्हता, ही गोष्ट रमाबाईंना बोचली. आपण शाळा चालवतो, बायबल वाचतो, प्रार्थना करतो. आपलंही असंच तर नाही ना?

मग आली ती हतबलता. विचार करून काही निघेना. आपल्याकडून जे व्हायचं ते सगळं होऊन गेलं, हे कळलं तेव्हा त्यांनी कोणतीही अट न घालता स्वतःला तारणाऱ्याच्या हाती सोपवलं. यानंतर त्यांना जे उमगलं ते माझ्या दृष्टीने या प्रकरणाचं मर्म आहे: ख्रिस्तात देव देतो ते तारण आजचं आहे, पुढे केव्हातरी मिळायचं नाही. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की जो काम करत नाही पण अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. जन्मभर व्रतं करणाऱ्या आईबापांना ज्यांनी उपाशी मरताना पाहिलं, त्या बाईने हे वचन कशा मनाने वाचलं असेल!

त्यांनी दोष कुणालाही दिला नाही, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. ख्रिस्ताची सुवार्ता मला पहिल्यापासूनच सांगितली गेली असणार, माझंच मन तेव्हा ती घेऊ शकलं नाही, असं त्या म्हणतात. वँटेजच्या भगिनींवर, गोरेंवर एकही कडू शब्द नाही.

कुठे काय झालं?

या प्रकरणाचं निदान दोन तऱ्हांनी केलं जातं. एक पक्ष म्हणतो की बाप्तिस्म्यातच कृपा दिली गेली, 1891 चा अनुभव म्हणजे त्याच कृपेची जाणीव. दुसरा म्हणतो की 1883 चं सगळं बाहेरचं होतं, खरा नवा जन्म 1891 मध्ये झाला. रमाबाईंचे स्वतःचे शब्द दुसऱ्या पक्षाच्या जवळ जातात, हे मान्य करायला हवं.

तरी ती आठ वर्षं कोरडी गेली असं मी म्हणणार नाही. फुलमच्या घरात जे हृदय द्रवलं ते देवाच्या हातानेच द्रवलं असं मला वाटतं. शोमरोनी बाईने येशूला ओळखलं तेही एका दमात नाही: आधी तो तिला नुसता यहूदी वाटला, मग संदेष्टा, मग ख्रिस्त. त्याच अध्यायाने रमाबाईंची सुरुवात व्हावी, यात मला देवाचं धीराचं काम दिसतं.

शुभवर्तमानाची भाषाही तारणाबद्दल एकाच काळात बोलत नाही. इफिसकरांस पत्रात कृपेने तारण 'झालेले आहे'. करिंथकरांस पहिल्या पत्रात आपल्याला, ज्यांचं तारण 'होत आहे', वधस्तंभाचा संदेश देवाचं सामर्थ्य आहे. रोमकरांस पाचव्या अध्यायात आपण तारले 'जाणार' आहोत. 1891 च्या आधी रमाबाईंकडे यातला फक्त तिसरा काळ होता. त्या दिवशी त्यांना पहिला मिळाला. आणि पुढच्या एकतीस वर्षांत दुसरा त्यांच्या दिवसांत, हिशोबांत, भांडणांत, दु:खांत उतरत गेला. आपल्याकडे साक्ष सांगताना गाडी बहुधा परिवर्तनाच्या तारखेपाशी थांबते. या साक्षीतला पुढचा भागही वाचला पाहिजे.

पुढचा भाग

पहिली परीक्षा लगेच आली. शारदा सदनात धर्माची सक्ती नाही, असा सुरुवातीपासूनचा शब्द होता. मुलींचं सोवळं-ओवळं, जेवणखाण त्यांच्या रीतीप्रमाणे चाले. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत बायबल वाचत आणि प्रार्थना करत, आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये पुण्यात वादळ उठलं. 'केसरी'ने टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे मला टीकाकारांचीही बाजू मांडायची आहे. विधवा मुली त्यांच्या घरच्यांनी एका विश्वासावर सोपवल्या होत्या, आणि शाळेची मुख्य बाई आपल्या प्रार्थनेने त्यांच्यावर प्रभाव टाकत होती, हे खरं आहे. रमाबाईंचं म्हणणं असं की बाकीच्यांना आपापल्या धर्माचं स्वातंत्र्य असेल तर मला माझ्या खोलीत प्रार्थनेचं स्वातंत्र्य का नको? 1891 च्या आधीच्या रमाबाईंनी ते दार कदाचित लावून घेतलं असतं. आता मात्र ख्रिस्त त्यांना जपून ठेवायची खासगी गोष्ट वाटत नव्हता. यात त्यांनी स्नेही गमावले. रानड्यांसारखी माणसं दूर जाणं ही साधी किंमत नव्हती.

दुसरी वाढ पैशाबाबत झाली. अमेरिकेतल्या संस्थेने दहा वर्षं मदत द्यायचं ठरवलं होतं, आणि तो काळ 1898 मध्ये संपत होता. कुणापुढे हात न पसरता, नुसत्या प्रार्थनेवर अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांच्यासारख्यांची चरित्रं रमाबाईंनी वाचली आणि स्वतःला विचारलं: माझा भरवसा बॉस्टनच्या समितीवर आहे की देवावर? हा प्रश्न 1883 मध्ये पडला नव्हता, 1891 मध्येही नाही. विश्वास एका जागी रुजला की मग आयुष्यातल्या एकेका खोलीत शिरू लागतो. पैशाची खोली त्यांच्यात उशिरा उघडली, आणि बहुतेकांची उशिराच उघडते.

लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला त्या आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. देवाने आपल्याला पंधरा आत्मिक लेकरं दिली म्हणून त्यांनी उपकार मानले, आणि पुढच्या मेळाव्यापर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस व्हावीत, अशी प्रार्थना केली. ती मोठी धाडसी मागणी होती. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेला बसलेल्या भुकेल्या मुली पाहताना त्यांना वीस वर्षांपूर्वीची आपलीच माणसं दिसली असतील. शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे इतक्या जणींना ठेवायला परवानगी मिळेना, तेव्हा पुण्याच्या पूर्वेला केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर त्या राहायला गेल्या. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. भुकेने मेलेल्या आईबापांची लेक दोन हजार जणींना जेवू घालत होती. तिच्या बालपणीच्या जखमेला देवाने या कामी लावलं.

1905 च्या सुरुवातीला केडगावात रोज सकाळी सत्तरेक जणी संजीवनासाठी, म्हणजे मंडळीचा विश्वास नव्याने जागा व्हावा यासाठी, प्रार्थनेला जमू लागल्या. काही महिन्यांत त्या पाचशेवर गेल्या, आणि जूनच्या अखेरीस ते संजीवन आलं. मुली रडत आपली पापं कबूल करत होत्या, रात्र रात्र प्रार्थना चालत होत्या. बाहेरच्या काहींना ते भलतंच वाटलं. रमाबाईंनी त्याला आवर घातला नाही. 1885 मध्ये त्रैक्यावर वाद घालणारी ही बाई आता, ज्यांना अक्षरओळखही नुकतीच झाली होती अशा मुलींबरोबर, त्यांच्यातलीच एक होऊन गुडघे टेकत होती. बुद्धी त्यांनी टाकून दिली असं मात्र कुणी समजू नये, कारण त्याच काळात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकत होत्या.

आजींना पुढे काय सांगितलं

आजींना मी पुढे रमाबाईंच्या भाषांतराबद्दल सांगितलं. मराठी बायबल तर आधीपासून होतंच. मग पुन्हा कशाला? खेड्यातल्या बाईला, जिने शाळा पाहिली नाही, तिला ते कळत नव्हतं म्हणून. भागवत तोंडपाठ असलेल्या, संस्कृतवर पदव्या मिळवलेल्या विदुषीने संस्कृत शब्द बाजूला ठेवून साध्या बोलीतला शब्द शोधत मूळ भाषांतून सगळं बायबल मराठीत आणायला घेतलं. हे काम अठरा वर्षं चाललं. छपाई केडगावच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी झाली. ज्या विद्येमुळे लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, तीच त्यांनी अडाणी बाईच्या पायाशी ठेवली.

"म्हणजे त्यांनाही लगेच सगळं मिळालं नव्हतं तर," आजी म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. पण ज्या दिवशी मागितलं त्या दिवशी त्याने नाही म्हटलं नाही. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी योहानाचा चौथा अध्याय काढायला सांगितला, चष्मा पुसला आणि वाचन स्वतःच सुरू केलं.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. आईनंतर मुक्ती सांभाळायची ती मनोरमेनेच, असं सगळे धरून चालले होते. रमाबाई त्यानंतरही प्रुफं तपासत राहिल्या. काम पुरं होईपर्यंत दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली आणि शेवटची प्रुफं हातावेगळी झाल्यावरच त्या गेल्या, असं केडगावात सांगतात. तारीख होती 5 एप्रिल 1922. पूर्ण बायबल छापून निघालं ते 1924 मध्ये.